कांबळ्याची पावती

दिसेबो मोहापीला आमच्या वस्तीत सगळे ‘पावतीवाली’ म्हणतात, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणतात. पावाची एक लादी घेतली तरी बाई गल्ल्यासमोरून हलायची नाही. मागे रांग लागो, दुकानदार कपाळावर हात मारो. “म्मे, अहो बाई, लादी तासाभरात खाऊन संपेल, पावतीचं काय लोणचं घालणार?” असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, “घालीन. तू दे.” मग ती चिठ्ठी नीट दुमडून पोलक्यात खोचायची. घरी बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे नुसत्या पावत्यांनी भरलेत. तिचा नवरा सेआबाता होता तेव्हा म्हणायचा, “उद्या कुणी हिला विचारलं, श्वास घेतलास त्याची पावती दाखव, तर तीही डब्यातून निघेल.” तो बिचारा असा हसत हसतच गेला. डब्यांचं खरं कारण तिने त्यालाही कधी सांगितलं नाही.

क्वाक्वाच्या डोंगराखाली आमची वस्ती. जून-जुलैच्या हिवाळ्यात वर बर्फ पडतं आणि खाली आमची नाकं गळतात. तिथे दिसेबोची ‘लेसेदी बालवाडी’ आहे. बालवाडी म्हणजे काय, तर तिच्या आवारातली गाडी ठेवायची खोली. सेआबाताने हौसेनं बांधली होती. गाडी काही कधी आली नाही, पोरं आली. बावीस वर्षांपूर्वी चार होती, आता एकतीस आहेत. सकाळी ज्वारीची आंबील, दुपारी भात नाहीतर मक्याचा उकडा, मध्ये गाणी, भांडणं आणि झोप. ज्या आया आज पोरांना सोडायला येतात त्यांच्यातल्या निम्म्या स्वतः त्याच चटईवर मुतलेल्या आहेत, आणि दिसेबो त्यांना ते चारचौघांत सांगायला कमी करत नाही.

यंदा जानेवारीत समाजकल्याणची बाई फाइल घेऊन आली. मुलांजवळ राहणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांचा चारित्र्य दाखला आणायचा, म्हणाली. बोटांचे ठसे प्रिटोरियाला जातील, तिथे जुन्या नोंदींशी ताडून बघतील, आणि कागद येईल. दिसेबो आणि तिच्या हाताखालची पोरगी केदिबोने, दोघी ठाण्यावर गेल्या. केदिबोनेचे ठसे झटक्यात उठले. दिसेबोचे उठेचनात. जन्मभर साबणात बुडालेली बोटं, त्यांच्यावर रेघ कुठली राहायला!

“म्मे, ही बोटं आहेत की नदीतले गोटे?” पोलीस म्हणाला. “आठ दिवस ग्लिसरीन चोळा आणि मग या.”

तिने आठ दिवस इमानेइतबारे ग्लिसरीन चोळलं. केदिबोनेला तेवढंच निमित्त. “म्मे, एवढी तुकतुकी कुणासाठी चालली आहे? चर्चमधल्या त्या विधुरासाठी?” दिसेबो हसायची. तिला काही धाकधूक नव्हती. बावीस वर्षांपूर्वी एका शुक्रवारी तिने एका कागदावर सही केली होती, दंड भरला होता आणि ती घरी आली होती. दंड भरला की विषय संपला, असंच तिला वाटत होतं. आमच्याकडे निम्म्या लोकांना आजही असंच वाटतं. कुणी दारू पिऊन रस्त्यात नाचला, कुणी शेजाऱ्याला चपराक दिली, तर ठाण्यात सही करतो, दंड भरतो आणि सुटलो म्हणून घरी येतो. ती सही म्हणजे ‘होय, मी गुन्हा केला’ असं आयुष्यभरासाठी लिहून देणं असतं, हे त्या टेबलापलीकडचा माणूस कधीही सांगत नाही. का सांगेल? त्यालाही शुक्रवारी घरी जायचं असतं.

मार्चमध्ये कागद आला. त्यावर एकच ओळ होती. तारीख, मग चोरी, दोषी, दंड.

दिसेबो तो कागद हातात धरून बालवाडीच्या पायरीवर बसून राहिली. आत पोरं बदकांचं गाणं म्हणत होती.

त्या शुक्रवारची गोष्ट अशी. तिची आई वारली होती आणि शनिवारी सकाळी पुरायचं होतं. आमच्याकडे माणूस नव्या कांबळ्यात गुंडाळल्याशिवाय मातीत जात नाही, आणि आई मोठी मानी बाई. तिने स्वतःच, जिवंतपणी, बाजारातल्या दुकानात एक निळं लोकरी कांबळं बाजूला काढून ठेवलं होतं. हप्ते भरत जायचं, शेवटचा हप्ता गेला की माल ताब्यात. वर्षभर ती भरत होती. तीन हप्ते उरले आणि ती गेली. ते तीन हप्ते भरायला भावकीने पैसे दिले तेफोच्या हातात. तेफो दिसेबोचा धाकटा भाऊ, आईचा एकुलता एक मुलगा.

शुक्रवारी सकाळी तेफो आपल्या ताईला म्हणाला, “आउसी, मी पैसे भरून आलोय. कांबळं तेवढं तू घेऊन ये, मला मयताच्या पेटीचं बघायचंय.” दिसेबो त्याच दुकानात झाडलोट करायची. मागच्या फळीवर आईच्या नावाची चिठ्ठी लावून कांबळं ठेवलंय, हे तिला ठाऊक होतं. गल्ल्यावर गर्दी होती, घरी पाहुणे खोळंबले होते. ती मागून गेली, कांबळं उचललं, छातीशी धरलं आणि दाराकडे निघाली.

दारावरच्या राखणदाराने हात आडवा केला. “पावती?”

“पावती भावाकडे आहे.”

मालकाने वही काढली. तीन हप्ते कोरे होते. वहीतल्या त्या कोऱ्या जागा बघताक्षणी दिसेबोला सगळं कळलं. गुरुवारी तेफोच्या तोंडाला वास येत होता, तोही आता आठवला. पण कळलं म्हणून काय बोलणार? तोंड उघडलं असतं तर पोलिसांची गाडी थेट मयताच्या घरी गेली असती, आणि पहिली मूठ माती टाकायला आईचा मुलगाच उरला नसता. ती राखणदाराबरोबर ठाण्यात गेली.

ठाण्यातला हवालदार काही वाईट नव्हता. “सोमवारी मॅजिस्ट्रेटसमोर काय सांगायचं ते सांग. तोवर इथे. नाहीतर सही कर, दंड भर, आणि दिवस मावळायच्या आत घरी जा.”

“पण मी चोरी केलेली नाही.”

“अगं बाई, मी कुठे म्हणतोय केलीस? मी फक्त सही कर म्हणतोय.”

भाजीपाल्यासाठी पोलक्यात पैसे होते, ते दंडात गेले. निळं कांबळं पुरावा म्हणून तिथेच राहिलं. घरी येऊन दिसेबोने ट्रंकेतून आपलं लग्नातलं कांबळं काढलं आणि आईला गुंडाळायला ते दिलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. तेफो सगळ्यांत मोठ्यानं रडत होता. आठ दिवसांनी तिने त्याला धरलं, तेव्हा तो तिच्या पायांवर पडला. “आउसी, मी भरून काढीन. देवाशपथ, सगळं भरून काढीन.” दुकानातली नोकरी तर गेलीच होती. दिसेबोने शेजारच्या चार पोरांना सांभाळायला घेतलं. आणि त्या दिवसापासून पावत्या.

तेफोने बाकी स्वतःचं छान भरून काढलं. दारू सोडली, चर्च धरलं, मयताच्या खर्चासाठी वर्गणी जमवणाऱ्या मयत मंडळाचा सचिव झाला. आता आमच्याकडे तेफोच्या भाषणाशिवाय कुणी पुरलं जात नाही. आवाज असा की मेलेल्यालाही वाटावं, आपण बरे होतो.

समाजकल्याणची बाई दुसऱ्यांदा आली आणि पालकांची सभा घेतली. तिने कागद वाचून दाखवला. दाखला स्वच्छ होईपर्यंत पोरं आवारात असताना दिसेबोने तिथे थांबायचं नाही, म्हणाली. शिवाय केदिबोने अजून लहान आहे, तेव्हा स्वच्छ दाखल्याचं एक जबाबदार मोठं माणूस नेमा, नाहीतर बालवाडी बंद. जिचे दोन मुलगे त्या चटईवर वाढले, त्या बाईने हळूच आपली पर्स मांडीवरून उचलून पोटाशी धरली. दिसेबोने ते पाहिलं. बावीस वर्षांत इतकं काही लागलं नव्हतं तिला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला ती स्वतःच्या घरातून बाहेर पडायची. घर तिचं, खोली तिच्या नवऱ्याने बांधलेली, आणि पोरं यायच्या आत ही बाहेर! समोर तिच्या सख्ख्या आत्याचं, मामोहाउचं घर. आत्या ऐंशीच्या पुढची, डोळे अधू, कान आणि आठवण मात्र धडधाकट. तिच्या ओट्यावर दिसेबो चार वाजेपर्यंत बसायची. कुंपणापलीकडून पोरं आजी म्हणून हाका मारायची, “न्खोनो, ये ना! न्खोनो, थाबो मला चावला!” ती हात हलवायची आणि मान वळवायची.

“कशाला बसतेस इथे तोंड पाडून?” आत्या म्हणायची. “जा की आत. मी सांगते त्या फाइलवालीला.”

“आत्या, तू गप्प बस.”

“मी गप्प बसले म्हणून कधी कुणाचं भलं झालंय?”

कोर्टकचेरीत अडलेल्यांना सल्ला देणारे लेबित्सा, ज्यांना सगळे मानाने न्ताते म्हणतात, ते बाजारात एका लहानशा कचेरीत बसतात. दिसेबोने त्यांना सगळं सांगितलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. लेबित्सांनी ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्मे, दोन वाटा आहेत. पहिली सोपी. दहा वर्षं उलटली आहेत, शिक्षा फक्त दंडाची. अर्ज केला की नोंद पुसतात. पाच-सहा महिने लागतील. पण अर्जात तुमच्या हाताने लिहावं लागेल, अमुक गुन्ह्यात मी दोषी ठरले म्हणून. इथे, या रकान्यात, ‘चोरी’.”

“आणि दुसरी?”

“दुसरी म्हणजे वरच्या कोर्टात जायचं. ती सही अजाणता घेतली, चोरी झालीच नव्हती, हे सिद्ध करायचं. त्याला वकील हवा, काही वर्षं हवीत, आणि तुमच्या भावाचा जबाब हवा. तो शपथेवर खरं बोलला तर उभं राहील, नाहीतर नाही.”

“आधी पुसून घेतलं आणि मग कोर्टात गेलं तर?”

“एकदा पुसलं की कोर्टापुढे ठेवायला काही उरत नाही, म्मे. चोरी नव्हती हे सांगायलाही ती नोंद लागते.”

दिसेबो तिथून सरळ तेफोच्या घरी गेली. तो मंडळाच्या सभेसाठी कोटाला ब्रश मारत होता. तिने कागद पुढे केला आणि म्हणाली, “तुझा जबाब पाहिजे.”

तेफोने दार लावलं. “आउसी, हळू बोल. आत सूनबाई आहे.”

“बावीस वर्षं हळूच बोलतेय. दारू तू प्यायलास, तेफो. ‘पैसे भरले’ असं तू सांगितलंस.”

“मी नाही म्हणतोय का? देवापुढे कबूल केलंय मी. रोज करतो.”

“देवाने मला ठाण्यात नेलं नव्हतं. माणसांपुढे कर.”

तो खुर्चीवर बसला. डोळ्यांत पाणी आणणं त्याला जमतंच. “तूच विचार कर. लोकांनी मयताचे पैसे माझ्या हातात दिलेत. उद्या कळलं की सचिवाने स्वतःच्या आईच्या कांबळ्याचे पैसे प्यायले, तर मंडळ राहील? विधवा, म्हातारे, कुणाकडे जातील? तुझं काय आहे? एक सही. पुसून जाईल. कुणाला काही कळणारही नाही.”

“सगळ्यांना कळलंय, गाढवा. मी चोर म्हणून कळलंय.”

“ते विसरतील गं.”

तिने कागद उचलला. तिला इतका राग आला होता की जिना उतरताना दोन पायऱ्या दिसल्याच नाहीत आणि गुडघा फुटला.

एवढ्यावर भागतंय थोडंच! पुढच्या रविवारी पालकांनी स्वच्छ दाखल्याचं मोठं माणूस म्हणून नाव सुचवलं, आणि ते कुणाचं, तर तेफोचं. बाईचाच भाऊ आहे, चर्चचा माणूस आहे, घरातल्या घरात राहील. तेफोने मान खाली घातली, “मंडळींची आज्ञा” म्हणाला, आणि ठसे देऊन आला. तीन आठवड्यांत त्याचा दाखला आला. कोरा, स्वच्छ, शिक्क्यासकट. सोमवारी सकाळी समोरच्या ओट्यावरून दिसेबोने पाहिलं, तेफो आपल्या कोटाच्या खिशातून तिच्या बालवाडीची किल्ली काढत होता.

“कोण गं तो, कुलूप उघडतोय?” आत्याने विचारलं.

“तेफो.”

“त्याला काय येतं पोरांतलं?”

दिसेबो आठवडाभर विचार करत राहिली. दुसरी वाट तिला हवी होती. तिला ‘पुसलं’ नको होतं, ‘नव्हतंच’ हवं होतं. पण त्याच आठवड्यात शुक्रवारी एक चार वर्षांचा मुलगा कुंपणातून डोकं घालून अडकला. तेफो त्याला ओढत होता, पोरगं किंचाळत होतं, आणि दिसेबो रस्त्यापलीकडे उभी होती. आत पाऊल टाकलं तर बालवाडी बंद. तिने रस्त्यावरूनच ओरडून केदिबोनेला सांगितलं, “कानांना साबण लाव! ओढू नका त्याला, साबण लावा!” डोकं सुटलं. ती खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

सोमवारी ती लेबित्सांकडे गेली आणि पेन मागितलं. रकान्यापाशी आल्यावर हात थांबला. लेबित्सा खिडकीकडे बघत राहिले. मग तिने लिहिलं, ‘चोरी’. पहिल्या वेळी निदान ते अक्षर पोलिसाचं होतं. हे तिचं स्वतःचं. बाहेर पडताना ती दारात थांबली आणि म्हणाली, “न्ताते, अर्ज मिळाल्याची पावती?” लेबित्सांनी दिली.

हिवाळा आला, बर्फ पडलं, वितळलं. सप्टेंबरात पाकीट आलं. नोंद पुसली होती. तिने नव्याने ठसे दिले, पुन्हा ग्लिसरीन चोळून, आणि ऑक्टोबरात दाखला आला. नावावर काहीही नाही. समाजकल्याणच्या बाईने तो पाहिला, फाइलमध्ये लावला आणि सोमवारपासून या म्हणाली. चेहरा असा की जणू मधल्या सात महिन्यांत काही घडलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी पालक फाटकाशी जमले. केदिबोनेने सगळ्यांना बोलावलं होतं, मैद्याचे तळलेले गोळे केले होते. आत्या मामोहाउ स्वतःची खुर्ची घेऊन रस्ता ओलांडून आली. दिसेबो चर्चचं पांढरं पोलकं घालून आली होती. पोरांनी तिच्या पायांना गराडा घातला, आणि खरं सांगायचं तर ती त्या क्षणी खूश होती. किल्ली घ्यायची, कुलूप उघडायचं, आंबील ढवळायची, एवढंच तिला हवं होतं.

पण तेफोला भाषण केल्याशिवाय किल्ली देता येईना. तो फाटकावर उभा राहिला आणि हात वर केला.

“मंडळी! आज आनंदाचा दिवस आहे. माझी बहीण बावीस वर्षांपूर्वी चुकली. दुःखात होती, मोहात पडली. कुणाचा पाय घसरत नाही? आज सरकारने तिचा गुन्हा पुसला. देव तर केव्हाच पुसतो. मग आपण कोण लागून गेलो? भाऊ म्हणून मी तिला मनापासून माफ केलंय. तुम्हीही करा.”

बायकांनी जीभ हलवून हर्षाची किलकारी केली. पर्स पोटाशी धरणारी तीच बाई पुढे आली आणि दिसेबोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “झालं गेलं विसर, म्मे. आम्ही माफ केलं.”

दिसेबोने तो हात खाली केला. तेफो किल्ली पुढे करून हसत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि रोज गल्ल्यावर बोलते त्याच आवाजात बोलली.

“तेफो, आईच्या कांबळ्याची पावती दाखव.”

“आउसी—”

“भावकीने पैसे तुझ्या हातात दिले होते. तू म्हणालास, भरून आलो. मी दारात सांगितलं, पावती भावाकडे आहे. बावीस वर्षं झाली. दाखव.”

किलकारी थांबली. कुणाला काही उमगलं नाही, म्हणून सगळे तेफोकडे बघायला लागले. आणि खुर्चीतून आत्याचा आवाज आला. अधू डोळे नेमके कुणीकडे बघत होते कोण जाणे.

“तेच मी म्हणते. वहिनीला मी माझ्या हातांनी गुंडाळलं होतं. दिसेबोचं लग्नातलं कांबळं होतं ते, काठाला कसर लागलेलं. मी तेव्हाच विचारलं, नवं कुठाय, वर्षभर हप्ते भरत होती ना? तर हा इतका मोठ्यानं रडायला लागला की मी गप्प बसले.” ती जरा थांबली. “का रडत होतास रे तू?”

तेफोने तोंड उघडलं. त्याचा उजवा हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला, दारावर राखणदाराने अडवलं की कुणाचाही जातो तसा. खिशात गेला, चाचपला, आणि तिथेच राहिला.

दिसेबोने त्याच्या डाव्या हातातून किल्ली काढून घेतली. “केदिबोने,” ती म्हणाली, “पोरांना रांगेत घे. आंबील गार होतेय.”